कलेक्शन रूममध्ये पुन्हा पुन्हा सुई टोचतेय? आधी डबा कुठे ठेवलाय ते बघा

कर्मचाऱ्याला वापरलेली सुई टोचल्याची तक्रार लॅबमध्ये तक्रार म्हणून फारशी येत नाही, ती खुणांवरून ओळखावी लागते. तुमच्याकडे खालीलपैकी काय दिसतं ते आधी बघा.

- सुई काढलेल्या सिरिंज टाकायच्या लाल पिशवीत सुईसकट सिरिंज सापडते, आणि बहुतेक वेळा तिला टोपण परत लावलेलं असतं.
- कचऱ्यात सुयांची टोपणं दिसत नाहीत. सकाळी शंभर जणांचं रक्त घेतलं असेल, तर शंभर टोपणं कचऱ्यात हवीत. नसतील तर ती वापरलेल्या सुयांवर परत गेली आहेत.
- वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा गळ्यापर्यंत भरलाय, तोंडातून एखादी सुई वर आलीय.
- टेक्निशियनच्या डाव्या अंगठ्याला किंवा तर्जनीला बँडेड आहे. उजव्या हाताने काम करणारा टोपण परत लावताना नेमका तिथेच टोचून घेतो.
- सफाईच्या मावशींना मांडीला किंवा पोटरीला टोचतं.
- रोज दीडशे सॅम्पल होतात आणि सुई टोचल्याची नोंदवही सहा महिने कोरी आहे.

शेवटची खूण मला सगळ्यात जास्त घाबरवते. तिचा अर्थ टोचत नाही असा नसतो. टोचल्यावर कोणी सांगत नाही, असा असतो.

मी बावीस वर्षं रुग्णालयांच्या लॅबमध्ये काम करते, त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. तीन ठिकाणी हाच बिघाड माझ्या वाट्याला आला आणि तिन्ही ठिकाणी आधी झालेला उपायही एकच होता: ज्याला टोचली त्याला बोलायचं. 'लक्ष कुठे असतं तुझं?' त्याने एवढंच होतं की पुढच्या वेळी तो मुलगा गुपचूप हात धुतो आणि कामाला लागतो. रक्त घेताना टोचण्याचे प्रकार मी फार कमी पाहिलेत. शिरेवर सगळ्यांचं लक्ष असतं. टोचते ती नंतर, सुई शिरेतून बाहेर आल्यापासून डब्यात पडेपर्यंत. म्हणून मी माणसाच्या आधी सुईचा तो प्रवास तपासते. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. सुरुवातीच्यांना पैसे लागत नाहीत.

डब्याची जागा

कलेक्शनच्या, म्हणजे रक्त घेण्याच्या जागी उभ्या राहा. डावा हात पेशंटच्या कोपरावर कापूस दाबून ठेवल्यासारखा ठेवा. आता पाय न हलवता, कंबर न वळवता उजवा हात पांढऱ्या डब्याच्या तोंडाशी पोचतो का? नसेल पोचत तर तुमचा बिघाड इथेच सापडला.

एका ठिकाणी हा डबा दाराजवळच्या बेसिनखाली होता. मी पावलं मोजली, सात भरली. सकाळी नऊ वाजता, उपाशीपोटीच्या शुगरची रांग दारापर्यंत आलेली, कडेवर मूल घेतलेली बाई मध्येच उभी, आणि टेक्निशियन हातात उघडी सुई धरून त्या गर्दीतून सात पावलं जायचा. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस सुईला टोपण लावणार. म्हणजे टोपण लावण्याची जी 'वाईट सवय' म्हणून आम्ही त्याला बोलत होतो, ती डब्याच्या जागेने लावली होती. डबा खुर्चीच्या उजव्या हाताला, टेबलाच्या उंचीवर आणला. आठवड्याभरात कचऱ्यात टोपणं दिसायला लागली.

डब्याचं तोंड डोळ्याच्या पातळीखाली हवं, म्हणजे आत काय आहे ते दिसतं. जमिनीवर ठेवू नका, लहान मुलं हात घालतात. ट्रेमध्ये किंवा पट्ट्याने पक्का बसवा. डावखुऱ्या टेक्निशियनसाठी डबा डावीकडे हवा. हे फार कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा. वॉर्डात सॅम्पल घ्यायला जाणाऱ्यांच्या ट्रेमध्येही छोटा डबा हवाच. तो नसेल तर ती सुई जिना उतरून खाली येते.

डबा किती भरलाय

तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. मार्करने बाहेरून रेघ मारा, पाच मिनिटांचं काम आहे. भरलेल्या डब्यात सुई टाकताना ती आतल्या सुयांवर आपटून परत येते, किंवा माणूस बोटाने आत ढकलतो. बोटाने ढकलताना टोचलेल्या सुईवर कोणत्या पेशंटचं रक्त होतं हे कधीच कळत नाही, म्हणून हा प्रकार जास्त वाईट.

डबा का भरून वाहतो हेही बघा. बहुतेकदा नवा डबा स्टोअरच्या कपाटात असतो आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे असते. रात्रपाळीच्या हाताशी एक रिकामा डबा कायम राहील एवढी सोय करा. दुसरं काही लागत नाही.

टोपण

नियम सोपा: वापरलेल्या सुईला टोपण नाही. पण नियम भिंतीवर लावून सवय जात नाही. मी टेक्निशियनच्या शेजारी उभी राहून वीस पेशंट बघते, काही न बोलता, आणि तो टोपण कधी लावतो ते टिपते. दर वेळी काहीतरी कारण सापडतं. डबा लांब, सुई कापायचं कटर बंद, किंवा 'ब्लड गॅसचं सॅम्पल वर पाठवायचंय, सुई तशीच ठेवायला सांगितलीय'. कारण काढून टाका.

क्वचित टोपण लावणं टाळता येत नसेल तर एकाच हाताने लावायचं. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे, सुईच्या टोकाने टोपण उचलायचं आणि ट्रेच्या कडेला टेकवून घट्ट करायचं. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून आलेल्या नवीन मुलांकडून हे मी न वापरलेल्या सुईवर पन्नास वेळा करून घेते. दुसरा हात खरोखर पाठीमागे ठेवायला लावते, कारण तो आपसूक मदतीला पुढे येतो.

नीडल कटर

कटर हातात घ्या आणि एक सुई कापून बघा. दोनदा दाबावं लागतंय? पातं बोथट झालंय. बोथट पात्याने सुई वाकते, अडकते, आणि अडकलेली सुई माणूस बोटांनी ओढून काढतो. शिवाय जोर लावताना रक्ताचे बारीक थेंब उडतात. विजेवर सुई जाळणारं मशीन असेल तर वीज गेल्यावर रात्रपाळी काय करते ते विचारा. मला मिळालेलं उत्तर होतं, 'टोपण लावून बाजूला ठेवतो, सकाळी जाळतो.' सकाळी त्या चाळीस सुयांची टोपणं कोणीतरी पुन्हा उघडत होतं.

व्हॅक्यूटेनरची (शिरेतून थेट पोकळीच्या ट्यूबमध्ये रक्त ओढणारी) सुई कटरमध्ये घालू नका. तिला दोन्ही बाजूंनी टोक असतं आणि मागच्या टोकावर फक्त रबराची बाही असते. रबर दाबलं गेलं की टोक बाहेर येतं. होल्डरमधून ती बोटांनी फिरवून काढायची नाही. डब्याच्या झाकणाला जी खाच असते तिच्यात अडकवून सोडवायची, नाहीतर होल्डरसकट डब्यात टाकायची. होल्डर वाचवण्यात काही राम नाही.

बटरफ्लाय सुईचं, म्हणजे पंख आणि नळी असलेल्या सुईचं, वेगळंच. तिची नळी स्प्रिंगसारखी उसळते. पंख डब्यात सोडेपर्यंत सुटता कामा नयेत, आणि डब्याचं तोंड एवढं रुंद हवं की नळीचा वेटोळा बाहेर लटकणार नाही.

सिरिंजमधून ट्यूबमध्ये रक्त भरताना

ही जागा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. डाव्या मुठीत जांभळ्या झाकणाची ट्यूब धरायची आणि उजव्या हाताने सिरिंजची सुई रबरात खुपसायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. सुई घसरली की थेट तर्जनीत. तीही पोकळ सुई, ताज्या रक्ताने भरलेली. पोकळ सुईतून भरीव सुईपेक्षा जास्त रक्त आत जातं, त्यामुळे अशा जखमेची जोखीम जास्त.

ट्यूब हातात धरायची नाही, स्टँडमध्ये उभी करायची. दुसरा हात लांब. एका हाताने सुई झाकणात सरळ खाली घालायची आणि ट्यूबच्या पोकळीला रक्त ओढू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही. दाबलं तर झाकण उडतं, रक्त डोळ्यात जातं, आणि पेशी फुटून पोटॅशियमचा रिपोर्टही चुकतो. साध्या झाकणाच्या ट्यूब असतील तर झाकणं रक्त घेण्याआधी उघडून ठेवा. लाकडाचा ठोकळा आणून सुताराकडून भोकं पाडून घेतली तरी स्टँड होतो. मी घेतली आहेत.

गर्दी आणि हलणारा हात

जुलै ते ऑक्टोबर, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट वाढले की एकाच पेशंटचे प्लेटलेट दिवसातून दोनदा लागतात आणि सुई टोचण्याचे प्रकारही वाढतात. हा योगायोग नाही. त्या महिन्यांत सकाळी सात ते दहा कलेक्शनला एक माणूस जादा मागा, लेखी मागा. लहान मूल, फिट येणारा, शुद्धीत नसलेला पेशंट असेल तर धरायला दुसरा माणूस आल्याशिवाय सुई उघडायची नाही. नातेवाइकाला धरायला लावलं तर 'आता टोचतेय' असं आधी मोठ्याने सांगा. रक्त बघून नातेवाईकच हात सोडतो, असं अनेकदा होतं. सुई हातात असताना मोबाइल, केसपेपर आणि 'मॅडम, माझा नंबर कधी?' या तिघांना उत्तर द्यायचं नाही.

ग्लोव्ह्जने सुई अडत नाही हे खरं आहे. पण आत जाताना सुईवरचं काही रक्त रबराला पुसलं जातं, म्हणून ते घालायचेच.

काच

लॅबच्या आतल्या जखमा बहुधा काचेच्या. पीसीव्हीच्या (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण मोजण्याच्या) काचेच्या केशनळ्या मेणात किंवा मातीत रुतवताना बोटात मोडतात. अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणांनी १९९९ मध्येच यावर इशारा दिला होता. प्लास्टिकच्या किंवा बाहेरून प्लास्टिकचा थर असलेल्या नळ्या मागवा. फुटलेली स्लाइड हाताने उचलायची नाही, ग्लोव्ह्ज घालूनही नाही. चिमटा घ्या, नाहीतर जुन्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे.

सेंट्रीफ्यूजमध्ये (ट्यूब वेगाने फिरवणाऱ्या मशीनमध्ये) ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर मशीन बंद करा आणि झाकण अर्धा तास उघडू नका. आत रक्ताचे सूक्ष्म कण तरंगत असतात, ते खाली बसू द्यायचे. मग जाड ग्लोव्ह्ज, तोंडावर मास्क, आणि काच चिमट्याने. ट्यूब वारंवार फुटत असतील तर आधी समोरासमोरच्या ट्यूबचं वजन सारखं आहे का आणि बकेटच्या तळाशी रबराची गादी आहे का, ते बघा. गादी हरवलेली असते.

डबा आणि पिशवी पुढे कुठे जाते

हे लिहिताना माझ्यासमोर एक मावशी आहेत. लाल पिशवीची गाठ मारून त्यांनी ती नेहमीसारखी उचलली, जिन्यावरून उतरताना पिशवी मांडीला घासली आणि आतली सुई साडीतून आत गेली. साडी हिरवी होती. रक्ताचा डाग एका रुपयाएवढाही नव्हता. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, 'ताई, काही नाही हो, काटा लागल्यासारखं झालं.' पिशवी उघडून पाहिली तर आत टोपण निसटलेल्या तीन सिरिंज. कुठल्या पेशंटच्या, सांगता येईना. ज्या माणसाने सुई तिथे टाकली त्याला काहीच झालं नव्हतं, तो घरी जाऊन झोपला होता. मावशींना औषधं सुरू झाली आणि सहा महिने तपासण्या.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी लाल पिशवी बंद होण्याआधी वरून नजर टाकते. हात घालत नाही, हलवत नाही. सुई दिसली तर ती पिशवी कोणाच्या पाळीत भरली ते शोधते आणि त्या पाळीची डब्याची जागा पुन्हा तपासते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत विभागणी स्पष्ट आहे. सुया आणि धारदार वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. पिशवी अंगापासून लांब, गाठीला धरून उचलायची. खालून हाताचा आधार द्यायचा नाही. शक्य असेल तिथे ट्रॉली वापरायची. मावशींना पातळ ग्लोव्ह्ज देऊ नका, जाड रबराचे द्या आणि पाय झाकणारे बूट द्या. चपलेवर सुई पडते.

लसीची वही

सगळ्यांची नावं लिहा, कॉन्ट्रॅक्टवरच्यांसकट. समोर तीन रकाने: हिपॅटायटिस बी चे डोस ०, १ आणि ६ महिन्यांचे. चौथा रकाना अँटिबॉडीच्या तपासणीचा, शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी. १० किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण आहे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. लोक घाबरतात एचआयव्हीला आणि राहून जाते ती बी ची लस. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे याच २०१६ च्या नियमांनी रुग्णालयावर घातलेलं बंधन आहे. मागताना संकोच करू नका.

यानंतरच खरेदी

वरचं सगळं करूनही टोचत असेल तर सिरिंज सोडून पूर्ण व्हॅक्यूटेनरवर जा, आणि जमल्यास वापरानंतर टोक झाकलं जाणाऱ्या सेफ्टी सुया घ्या. महाग पडतात. सगळीकडे परवडत नसतील तर कॅज्युअल्टी, आयसीयू आणि लहान मुलांच्या वॉर्डापुरत्या मागवा. मात्र डबा सात पावलांवर ठेवून महागडी सुई आणू नका. सेफ्टीचं बटण दाबायला विसरतात आणि ती सुईही शेवटी लाल पिशवीतच जाते.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

सुई टोचली की बिघाड शोधणं बंद. हातातलं सॅम्पल खाली ठेवा, पुढच्या पेशंटला थांबायला सांगा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, घासू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. त्याने कातडी जास्त दुखावते, फायदा काही नाही. डोळ्यात रक्त उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती असतानाच आधी धुवा, मग काढून पुन्हा धुवा.

मग लगेच कॅज्युअल्टी. पाळी संपल्यावर नाही, रिपोर्ट आल्यावर नाही. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर पहिला डोस दोन तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. तो सुरू करायचा की नाही, हे डॉक्टर किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र) ठरवेल. इन्चार्जने ठरवायचं नाही, मीही ठरवत नाही. मित्राच्या सांगण्यावरून गोळ्या सुरू करू नका आणि दहाव्या दिवशी मळमळतंय म्हणून स्वतःहून बंदही करू नका. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागू शकतं, तेही शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सी साठी लस नाही, पण वेळेत कळलं तर त्यावर आता चांगले उपचार आहेत, म्हणून पुढच्या तपासण्या बुडवायच्या नाहीत.

पेशंटचं रक्त लॅबमध्येच पडलेलं असतं, त्यामुळे 'पटकन एचआयव्ही लावून बघू' हा मोह होतो. त्याच्या संमतीशिवाय लावायचं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमती लागते. त्याच कायद्यानुसार टोचलेल्या कर्मचाऱ्याला प्रतिबंधक औषध मिळवून देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

मशीनच्या बाबतीतही एक रेघ आहे. सेंट्रीफ्यूज फिरत असताना झाकण उघडतंय, ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनच्या) दाराचं रबर फाटलंय, सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ सोडत नाही: 'वापरू नये' असं लिहून प्लग काढा आणि बायोमेडिकल इंजिनिअरला बोलवा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. एकाच जागी तीन महिन्यांत दोनदा टोचलं असेल तर तो प्रश्न लॅबपुरता राहिला नाही, संसर्ग नियंत्रण समितीपुढे लेखी न्या.

कलेक्शन रूमच्या बेसिनवर, डोळ्याच्या उंचीला, एक कागद लावा. त्यावर मोठ्या अक्षरांत कॅज्युअल्टीचा आतला नंबर, रात्री औषध ज्या कपाटात असतं त्याची किल्ली कोणाकडे, जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता आणि वेळ, आणि खाली एक ओळ: 'टोचलं तर सांग. कोणी रागावणार नाही.' त्या ओळीखाली माझी सही आहे. तुमच्या कागदावर तुमची करा.